पोफळीच्या घडावर पिशवी

मे महिना अर्धा सरला की शिरोड्यात जो तो काही ना काही झाकायच्या मागे असतो. ज्या मिठागरांवर १९३०च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला, तिथल्या मिठाच्या राशी पावसाआधी झाकायच्या असतात. लाकूडफाटा पडवीत येतो, मांगराची छपरं शाकारली जातात, आमसुलं बरण्यांत भरली जातात. पोफळीच्या घडांना मात्र पुढचे चार महिने उघड्यावरच काढायचे असतात. जूनमध्ये घड हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्यांनी भरलेले असतात आणि त्यांच्यावर दिवसरात्र पाणी पडत राहतं.

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की सुपारीच्या देठाजवळ भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग दिसतो. डाग पसरतो, वर पांढरी बुरशी येते आणि सुपारी गळते. हा कोळेरोग. तो करणारी फायटोप्थोरा ही बुरशी पाण्यावर जगणारी आहे. तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर एका घडावरून दुसऱ्या घडावर जातात. सततचा पाऊस, मध्येच ऊन, पुन्हा पाऊस, असं झालं की रोगाला आवर राहत नाही. बागेत पाय ठेवावा तर खाली कुजलेल्या सुपाऱ्यांचा थर असतो आणि वास घरापर्यंत येतो.

पाणी घडापर्यंत पोचूच दिलं नाही तर? कासरगोडची केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्था सुपारीवर काम करते. पावसाच्या तोंडावर घडाला पॉलिथिनची पिशवी बांधण्याचा उपाय तिच्या शिफारशींत आहे, मापासकट: ७५ बाय ६० सेंटिमीटर, १२५ गेज. उपाय सोपा, पिशवी स्वस्त. तरी आमच्या घरी या पिशवीवरून दोन वडीलधाऱ्या माणसांचं जोरात वाजलं.

एक माझे थोरले दीर. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. शिरोड्यात व्हाळाकाठी त्यांची माड-पोफळीची बाग आहे, पोफळींवर मिरवेली चढवलेल्या आहेत, आणि वर सड्यावर हापूसची कलमं. दुसरे त्यांचे व्याही, तासगावचे आप्पा, जुने द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते लेकसुनेबरोबर आंबे खायला आले होते. संध्याकाळी दोघं बाग फिरून खळ्यात येऊन बसले, तेव्हा आप्पांच्या हातात गेल्या वर्षीची, काळी पडलेली एक सुपारी होती.

आप्पा : पाव्हणं, राग मानू नका, पण मला नवल वाटतं. दरवर्षी सुपारी गळती म्हणता आणि दरवर्षी आभाळाकडं बघत बसता. आम्ही दुष्काळी मुलखातली माणसं. टँकरनं पाणी घालून बाग जगवली, लेकराला जपावं तशी जपली, आणि २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असा लागला की फुलोऱ्यातच घड कुजले. फवारण्यांवर फवारण्या केल्या. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा, औषध मारून खाली उतरावं तर वर पुन्हा सर आलेली. त्या वर्षी ठरवलं, औषध पावसाच्या मागं पळतंय, आपण पावसाच्या पुढं जायचं. एक एकर प्लॅस्टिकखाली घेतला.

भाऊ : तुमच्याकडे पाऊस नको तेव्हा पडतो, व्याही. आमच्याकडे हवा तेव्हाच पडतो, फक्त फार पडतो. तासगावात वर्षभरात जेवढा होतो तेवढा इथे जुलै संपायच्या आत पडून जातो. आणि पोफळीला तो लागतोच. मुळाशी ओल, अंगाला दमट हवा, डोक्यावर थोडी सावली, तेव्हा ती धरते. तिच्यावर छत घालाल तर ती मरेल. शिवाय चाळीस फुटांवर छत उभं करणार कसं?

आप्पा : बागेवर कोण घाला म्हणतंय? घडावर घाला.

या एका वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. द्राक्षबागेवरचं आच्छादन आणि पोफळीच्या घडावरची पिशवी, दोन्ही पावसाविरुद्धच असली तरी त्यांचं काम वेगळं आहे. द्राक्षाची वेल वाय आकाराच्या मांडवावर, हाताच्या उंचीवर पसरलेली असते. लोखंडी कमानी टाकून तिच्यावर कापड ताणता येतं आणि वेलीला लागणारं सगळं पाणी ठिबकमधून देता येतं. म्हणजे तिथे पाऊस पूर्ण अडवला तरी पिकाचं काही अडत नाही. मात्र हे छत महाग आहे. २०२३–२४मध्ये राज्य सरकारने नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या द्राक्षाच्या जिल्ह्यांसाठी प्रायोगिक योजना आणली, तिच्यात एकरी खर्च ४ लाख ८१ हजारांच्या घरात धरला होता आणि त्याच्या निम्मं अनुदान. उरलेला निम्मा भार शेतकऱ्यावरच. पोफळीच्या बाबतीत पाऊस बागेत यायला हवा आणि घडावर मात्र नको. तेवढ्यापुरतं झाकणं हे तुलनेने काही रुपयांचं काम. आप्पांचं म्हणणं इथवर मला पटलेलं होतं.

भाऊ : घडावर घालायचं तर आमच्याकडे आहे की. बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद वेगळ्या पाण्यात विरघळवायचं, चुना वेगळ्या पाण्यात, मग दोन्ही एकत्र. लोखंडी सुरी बुडवून बघायची, पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी वापरायचं, उद्यावर ठेवायचं नाही. पाऊस लागायच्या आधी एक हात, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरा. पाऊस लांबला तर तिसरा. निळसर पांढरा लेप बसतो घडावर. हीच आमची पिशवी.

आप्पा : बोर्डो आम्हाला शिकवता व्हय! ते मूळचं द्राक्षाचंच औषध. फ्रान्सात बोर्डो गावाकडं रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी मोरचूद-चुना शिंपडायचे. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं की त्याच वेलींवर डावणी रोग नाही. १८८५ला त्यानं ते जाहीर केलं. तिथनं ते जगभर गेलं.

भाऊ : आणि सुपारीवर आलं ते म्हैसूरहून. लेस्ली कोलमन म्हणून कॅनडाचा माणूस म्हैसूर संस्थानाच्या शेतीखात्यात होता. १९१०मध्ये त्याने कोळेरोगावर पुस्तिका काढली आणि मलनाडच्या बागांत बोर्डो फवारायला शिकवलं. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यात राळ आणि सोडा घालायची युक्तीही तिकडचीच. शंभर वर्षं टिकलेला उपाय आहे हा. तुमची पिशवी कालची.

आप्पा : पिशवी कालची असेल, झाकणं कालचं नाही. तुम्हीच मगाशी बागेत म्हणालात ना, विरीचं?

विरीचं खरं होतं. पोफळीच्या झावळीचा खोडाला वेढून असणारा रुंद, चिवट भाग म्हणजे विरी. ती उन्हाळ्यात आपोआप गळून पडते. घाटापलीकडे, शिरसी-शिमोग्याकडच्या बागांत, तिच्या टोप्या करून घडांवर बांधायची रीत होती. पाणी टोपीवरून ओघळून जायचं, खालून हवा खेळायची, आणि पाऊस संपेपर्यंत टोपी कुजून गेली तरी ती बागेच्याच मातीत पडायची. भाऊंना ही रीत माहीत आहे, कारण दक्षिण कन्नडातल्या चित्पावनी बोलणाऱ्या बागायतदारांशी त्यांचं जुनं जाणं-येणं आहे.

भाऊ : विरीची टोपी मला मान्य आहे. आज बांधा म्हणालात तर आज बांधतो. पण विऱ्या आहेत कुठे? पूर्वी पोरं विरीवर बसून एकमेकांना ओढत फिरायची, उरलेल्या चुलीत जायच्या. आता त्यांच्या ताट-वाट्या करणारे कारखाने विऱ्या गोळा करून नेतात. चार पैसे मिळतात म्हणून आम्हीही देतो. आणि टोपी शिवायची, वाळवायची, बांधायची, म्हणजे एका घडाला किती वेळ! म्हणून मग प्लॅस्टिक. आणि प्लॅस्टिकलाच माझा विरोध आहे. वेळागरावर जाऊन बघा पावसानंतर. माडांच्या मुळांत, केवड्याच्या बनात, जिथे तिथे पिशव्या. पलीकडे वायंगणीच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात. माझ्या बागेच्या कडेने व्हाळ वाहतो, तो खाडीला आणि खाडी समुद्राला. घडावरची पिशवी आषाढाच्या वाऱ्यात फाटली की ती कुठे जाणार, मला दिसतं.

आप्पा : आणि तुमचं मोरचूद कुठं जातं?

भाऊ थोडे थांबले.

आप्पा : मोरचुदातलं तांबं कुजत नाही, पाव्हणं. पावसानं धुपून खाली येतं आणि मातीत बसतं. युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत त्याचाच साठा झालाय, म्हणून तिकडं आता हेक्टरी किती किलो तांबं घालायचं यावर बंधन हाय. प्लॅस्टिक डोळ्याला दिसतं म्हणून टोचतं. तांबं दिसत नाही. तुमच्या बागेत कोलमनपासनं धरलं तर किती पिढ्यांचं मोरचूद असेल?

माझ्या मते त्या संध्याकाळी याहून खरं कोणी काही बोललं नाही. भाऊंची समुद्राची काळजी खरी आहे, मी ती रोज पाहते. पण निसर्गाची बाजू घेऊन बोलताना आपण ज्याची सवय झाली आहे ते घातक नसतं असं धरून चालतो. बोर्डो हे सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. पिशवी निदान परत काढून मोजता येते. शंभर वर गेल्या आणि शंभर खाली आल्या, असा हिशेब ठेवता येतो. मोरचुदाचा असा हिशेब कुणाला ठेवता येणार?

भाऊ मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी द्राक्षाकडे मोर्चा वळवला.

भाऊ : तुमच्या त्या छताखाली सगळं गोड आहे का? प्लॅस्टिक घातल्यावर रोग गेले?

आप्पा : डावणी गेली म्हणा, म्हणजे पान भिजेना तशी ती हटली. मणी तडकायचे थांबले. फवारण्या निम्म्यावर आल्या असं आमच्या बागेपुरतं म्हणतो. पण खोटं कशाला बोलू, भुरी वाढली. भुरीला पावसाचं पाणी लागत नाही, उलट पाऊस तिला धुऊन काढतो. छताखाली ऊन कमी, हवा कोंडलेली, ती तिला मानवते. उन्हाळ्यात खाली उकडतं. वारं सुटलं की कापड फडफडतं, एखादी पट्टी सुटली तर रात्रीत उठून बांधावी लागती. आणि तीन-चार वर्षांनी कापड पिवळं पडलं की बदला.

भाऊ : मग घडावरच्या पिशवीतही तेच होणार. ऑक्टोबरच्या उन्हात सुपारी आत शिजेल.

आप्पा : म्हणून पाऊस संपला की काढायची. आणि खालचं तोंड उघडं ठेवायचं. छत आहे ते, डबा नाही.

मध्येच विषय सड्यावर गेला, कारण भाऊंच्या मनात खरा सल होता तो हापूसचा. कलमांना पिशवी घालायला त्यांचा विरोध नाही, ते स्वतः घालतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे: फळ गोटीएवढं ते अंड्याएवढं असताना २५ बाय २० सेंटिमीटरची कागदाची पिशवी, वर्तमानपत्राची किंवा तपकिरी कागदाची. फळमाशी बसत नाही, ऊन भाजत नाही, सालीवर डाग पडत नाहीत. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही गोष्ट इथल्या बागायतदारांना नवी नाही. पण ही पिशवी पावसासाठी नाही. वळवाची एक सर ती झेलते, दोन दिवस पाऊस लागला की भिजून फळाला चिकटते. आणि जुनी कलमं एवढी उंच की हाताला येतील तेवढ्याच फांद्यांना पिशव्या, वरची फळं उघडीच.

भाऊ : आंब्याचा पाऊस मेमध्ये येऊ लागलाय, व्याही. २०२१ला १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडाखाली फळांचा खच, कलमं मुळासकट आडवी. आणि फळपीक विम्यात आंब्याला अवेळी पावसाचं संरक्षण १५ मेपर्यंत. एका दिवसाने आम्ही बाहेर! पुढे २०२५ला तर २५ मे रोजी मोसमी पाऊसच सिंधुदुर्गात येऊन दाखल झाला, त्याआधीचा आठवडाभर झोड चालूच होती. आंबा झाडावर आणि पाऊस दारात. तारीख ठरवणाऱ्यांनी कधी कोकणातला मे महिना बघितला नसेल का?

आप्पा : सुपारीला विमा?

भाऊ : नाही. यादीत आंबा, काजू, द्राक्ष, डाळिंब, संत्रं, केळं आहे. सुपारी नाही. घाटापलीकडे कर्नाटकात सुपारी विम्यात आहे. राज्य बदललं की तीच बुरशी तोच घास घेते आणि कोणी विचारत नाही.

हे ऐकून आप्पा गप्प झाले, आणि मला वाटतं खरोखरच खजील झाले. त्यांच्या पिकाच्या आच्छादनासाठी सरकारने योजना काढली, प्रयोगाला पैसे दिले. तो पैसा वाया गेला असं माझं म्हणणं नाही. द्राक्षावर लाखोंचं कर्ज उभं असतं, तिथे मदत हवीच. पण ज्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या जिल्ह्यातल्या पोफळीच्या घडावरची काही रुपयांची पिशवी कोणत्याच योजनेत नसावी, आणि कोळेरोगाने पीक गेलं तर विम्याचं दारही बंद असावं, याचा मला राग येतो. सुपारी हे इथे छोट्या माणसाचं पीक आहे. पंचवीस-तीस पोफळी असलेली किती तरी घरं आहेत, त्या घरांत लग्नसराईची, शाळेच्या फीची भिस्त या झाडांवर असते. मोठ्या बागायतदाराइतका आवाज त्यांना नाही.

इतकं बोलणं झालं तरी दोघांच्याही तोंडून एका माणसाचा उल्लेख आला नव्हता, आणि तो माणूस त्याच वेळी माडाचे नारळ पाडून, दोर खांद्यावर टाकून खळ्यात आला. आमचा पाडेली. त्याच्याशिवाय फवारणीही नाही आणि पिशवीही नाही. मी त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, तुला काय वाटतं?

"माका इचारलात तर सांगतंय," तो म्हणाला. "मे म्हयन्यात झाड सुका असता, पाय घट बसता. श्रावणात खोडार शेवाळ येता, दोर भिजता, आणि तुमी खाल्सून सांगतास, फवारणी कर. पाठीर नळी घेवन चढाचा, डोळ्यात मोरचूद जाता. पिशवी एकदा सुक्यार बांधलय की मी मोकळो. माका पिशवी बरी."

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर ते पाडेल्याच्या जिवावर बोर्डोची बाजू मांडत आले होते, आणि पाडेली पिशवीच्या बाजूने उभा होता.

पोफळीवर चढणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही त्याला हा हिशेब कळायचा नाही. मनगटाएवढं वाटावं असं सडपातळ, गुळगुळीत खोड, पायात दोरीचा फास, आणि वर पोचल्यावर खाली न उतरता झाड झुलवून शेजारच्या झाडावर जायचं, कारण प्रत्येक झाडाला चढ-उतार केली तर दिवस पुरायचा नाही. कोरड्या दिवसांत हे कसब आहे. पावसात तो जिवाशी खेळ आहे. बोर्डोचा पहिला हात कोरड्यात असतो, दुसरा ऐन पावसात, उघडीप बघून. तिसरा लागलाच तर तोही ओल्यात. पिशवीला चढावं लागतं दोनदा, बांधताना आणि काढताना, आणि दोन्ही वेळा खोड सुकं असतं. रोग, प्लॅस्टिक, तांबं या सगळ्याच्या आधी मला हे महत्त्वाचं वाटतं. झाकायचं की फवारायचं हे ठरवताना चढणारा कधी चढेल, ओल्यात की सुक्यात, हे पहिल्यांदा विचारायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत घरात कोणी विचारलं नव्हतं.

आप्पा : पण चढायचंच कशाला? आता कार्बन फायबरच्या लांब काठ्या आल्यात म्हणे. जमिनीवर उभं राहून वर फवारता येतं, घड कापता येतात.

भाऊ : कर्नाटकात वापरतात. फवारायला उत्तम. पण काठीने गाठ मारता येत नाही. पिशवी बांधायला घडाजवळ माणसाचा हातच लागतो. बंटवाळकडच्या एका शेतकऱ्याने पोफळीवर चढणारी मोटरची गाडीच केली, बसलं की वर नेते. तसं काही आपल्याकडे गावागणिक एक असलं, पंचायतीने ठेवलं, तर गोष्ट वेगळी.

आप्पा : आणि ठेंगणी झाडं?

भाऊ : विट्टलच्या केंद्राने ठेंगणे संकर काढलेत. नवी लागवड करणाऱ्याने तेच लावावेत, मीही सांगेन. शिडीवरून पिशवी बांधता येईल. पण माझ्या आजोबांनी लावलेली झाडं आज तोडून मी पाच-सहा वर्षं काय खाऊ?

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. जुन्या बागा उंच आहेत आणि चढणारे हात कमी होत चालले आहेत. आमच्या पाडेल्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. त्याने चढावं असं त्याच्या बापालाही वाटत नाही, आणि का वाटावं? नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे, माडावर चढणाऱ्याला अपघाताचं संरक्षण देणारी. आमच्या पाडेल्याला तिची माहितीच नव्हती. भाऊंना होती, पण अर्ज भरून द्यायचं राहून गेलं होतं, आणि हे मी त्यांना तिथेच बोलून दाखवलं. पिशव्यांचं अनुदान मागायला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हा अर्ज भरावा, असं मला मनापासून वाटतं. चढणाऱ्याचा विमा, त्याची वाढीव मजुरी, त्याला दोर आणि पट्टा, हा खर्च पिशवीच्या खर्चात धरला नाही तर ती स्वस्त पिशवी त्याच्या जिवावर स्वस्त असते.

"पण ती काढूक परत चढूचा लागतला," पाडेल्याने कप खाली ठेवत आठवण करून दिली. "तेचे पैशे वेगळे."

आप्पा हिशेबाचे पक्के. त्यांनी खिशातली वही काढली. एका पोफळीला झाकण्याजोगे दोन-तीन घड, झाडामागे दोन चढ, पिशव्या, सुतळी. दुसऱ्या बाजूला मोरचूद, चुना, पंपाचं डिझेल, तीन चढ, त्यातले दोन ओले. ओल्या चढाचा दर काय लावायचा, यावर त्यांची पेन्सिल अडली. पाडेल्याने सांगितलेला आकडा ऐकून भाऊंनी भुवया उंचावल्या. आप्पांनी मात्र तोच लिहिला.

आप्पा : आमच्या बागेचं जुनं कापड पडून आहे, यंदा बदललं. जाड आहे, पण शिवून टोप्या केल्या तर तीन-चार पावसाळे टिकतील. फेकायचं प्लॅस्टिक तुमच्या कामी येईल आणि पातळ पिशवीसारखं फाटून व्हाळात जाणार नाही. पुढच्या वर्षी घेऊन येतो.

भाऊ : जड होईल. घडाचा देठ मोडेल.

आप्पा : मोडतो का ते एका झाडावर बघू. मोडला तर मी म्हणणार नाही पुन्हा.

भाऊ : आणि एक. जेवढ्या वर जातील तेवढ्या मोजून खाली. एकही कमी चालणार नाही. वहीत लिहायचं, कोणत्या झाडावर किती.

आप्पा : लिहा की. आमच्याकडं अनुदानाच्या फायलीत कापडाचा मीटरन् मीटर लिहितोय आम्ही.

अडचण उरली ती दिवसांची. पिशव्या बांधायच्या त्या पाऊस यायच्या आधी. पूर्वी मेचा शेवटचा आठवडा धरला तरी चालायचा, २०२५नंतर कोणी तेवढा धीर धरणार नाही. पण त्याच आठवड्यांत सड्यावर आंबा उतरवायची घाई असते. घरचे, गडी, आंब्याच्या हंगामाला येणारे नेपाळी कामगार, सगळे आंब्यात गुंतलेले. पाडेल्याला चार बागांचे माड उरकायचे असतात. एकाच पंधरवड्यात सगळी कामं आणि सगळ्यांना तोच एक माणूस हवा.

पाडेल्याने बोटांवर मोजून सांगितलं, येत्या आठवड्यात दोन दिवस देईन, त्याहून जास्त जमणार नाही, आणि दोन्ही चढांचे पैसे आधी. दोन दिवसांत सगळी बाग होणं शक्यच नव्हतं. भाऊ उठले, बागेच्या टोकापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, व्हाळाकडची खालची रांग. तिथे हवा कोंडते, दरवर्षी रोग पहिल्यांदा तिथेच दिसतो. तिला पिशव्या. वरच्या रांगांना यंदा बोर्डोच, पण दुसरा हात उघडीप मिळाली आणि खोड सुकलं तरच, नाहीतर राहू दे. पाडेल्याने मान हलवली आणि सकाळी किती वाजता यायचं ते विचारलं.